आधी बंद करून बघ

शुक्रवारी सकाळी महबूल्यात,
तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत,
माझ्या खाटेवर फोन येऊन बसतात
आणि माणसं जिन्यात.

मी इंजिनियर नाही, एसीची कामं करतो.
पण एकदा पाष्टेच्या फोनचा आवाज परत आणला.
स्पीकरच्या जाळीत वाळू होती,
जुन्या टूथब्रशने झाडली, एवढंच.
तेव्हापासून मी मास्तर.

पहिलं औषध सगळ्यांना एकच :
बंद कर. दहापर्यंत मोज. चालू कर.
हसतात लेकाचे.
निम्म्यांचं तेवढ्यावर भागतं,
आणि निघताना माझ्याकडे असे बघतात
जसं काही मीच आत लपवून ठेवलं होतं.

इस्माईल सरगुरोह म्हणाले,
"जागा नाही म्हणतोय, आणि मी तर काही ठेवलंच नाही."
उघडलं तर अकराशे शुभ सकाळ,
काजूच्या भावाचा एकच व्हिडिओ सतरा वेळा,
सतरा ग्रुपांतून आलेला.
चाचा, हे आपोआप उतरणं बंद करायचं.
सेटिंगमध्ये आहे. इथे. अंगठा ठेवा.
गुलाब जाऊ द्यात.
नात पालथी पडली तो व्हिडिओ ठेवू.
ते जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, गुलाबसुद्धा बहिणीनेच पाठवलेत.
बरं, चार गुलाब ठेवू.

वसईच्या ब्रिजिट तुस्कानो इस्पितळातून सुटल्या की
खाली बकाल्यापाशी भेटतात.
पासवर्ड चिठ्ठीवर लिहिलेला,
चिठ्ठी फोनच्याच कव्हरात.
सिस्टर, ही तर दाराला कुलूप लावून
चावी कडीला अडकवण्याची गत!
त्या म्हणाल्या, रात्रपाळीनंतर मला माझं नावही आठवत नाही.
मग आम्ही तिथेच, खबूसच्या रांगेत उभं राहून,
त्यांच्या लहानपणच्या विहिरीवरून, केळीवरून, बैलावरून
एक लांबलचक वाक्य बनवलं.
ते काय होतं, मी विसरलो.
विसरायचंच असतं.

सहा आकड्यांचं मात्र मी सांगत नाही.
ते घडशी सांगतो.
त्याला फोन आला होता, आधी सलाम,
मग कार्ड बंद पडेल, मग "मेसेजमधले आकडे वाचा."
त्याने वाचले. एकशे चाळीस दिनार.
आता तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसतो
आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला अडवतो :
बँक आकडे विचारत नाही. पोलीस विचारत नाहीत.
विचारेल तो चोर.
त्याला कुणी बस म्हटलेलं नाही.

जुलैत पोरगा बैत आला, फोन मेलेला.
गच्चीवर काम करताना पडद्यावर पाटी आली होती,
फार तापलोय, थंड होऊ द्या.
म्हणून याने फ्रीजमध्ये ठेवला, दह्याशेजारी.
आत पाणी धरलं.
वर तांदळाच्या डब्यात पुरला.
अरे, कव्हर काढायचं, सावलीत ठेवायचं,
पंख्याखाली, गप पडू द्यायचं.
तांदूळ कशाला फुकट घालवतोस.
त्याची मान पाठीमागून सोललेली.
म्हटलं, तुझी पाटी कधी आली होती?
तो म्हणाला, कसली पाटी?

रात्री दर्शनाचा फोन. गुहागरला रेंज एक काडी.
तिचा चेहरा चौकटी चौकटीत अडकलेला,
एक डोळा तिथे, हनुवटी दुसरीकडे.
दिवसभर लोकांना सांगतो तेच तिला सांगितलं :
व्हिडिओ बंद कर, आवाज नीट येईल.
पडदा काळा झाला.
आणि मागून घर आलं.
कुकरची अर्धी शिट्टी, कुणीतरी बादली ओढतंय,
तिच्या बांगड्या.

"टीव्हीचा रिमोट चालत नाहीये."
सेल काढ, फिरवून घाल.
"थांब हं."
फरशीवर दोन सेल पडले,
एक लांबवर घरंगळत गेला, कपाटाखाली असावा.
मी खाटेवर उठून बसलो,
जसं काही मलाच तो काढायचा होता.