फोटोतला निळा

आग्नेलने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.
डोंगरावरून उतरत आलेली पांढरी घरं,
त्यांच्या डोक्यावर निळे घुमट, खाली समुद्र
आणि कुठेही एक माड नाही.
"सगुण, म्हाका हेंच जाय," तो म्हणाला.
"नाताळाआधी. लोकांना आता असलं लागतं."

मी म्हटलं, माड कापू?
तो हसला नाही.

आश्वेंच्या वाळूमागची ही भिंत मला ओळखते.
एकदा ती पिवळी होती, तेव्हा गिऱ्हाईक रशियन होतं.
एकदा जांभळी, तिच्यावर मीच काढलेला तीन डोळ्यांचा मासा
(दोनच मागितले होते, तिसरा माझा).
आता चुना. तीन हात. इतका पांढरा
की दुपारी बघताना डोळ्यांत पाणी येतं.
आमच्याकडे म्हातारे सांगायचे,
नुसता पांढरा इगर्जीला सोडायचा,
घराला निदान चिमूटभर रंग हवा.
मौनेश गदगचा. काठीने डबा ढवळत म्हणाला,
"मग ही कुणाची इगर्ज, मामा?"

निळा मात्र जमेना.
दुकानातला निळा शाळेच्या गणवेशाचा.
त्यात काळा घातला, पोलीस चौकी झाली.
पांढरा घातला, बाळंतिणींचा वॉर्ड.
कपड्यांची नीळसुद्धा विरघळवून पाहिली.
आग्नेल फोन भिंतीला लावून ताडून बघे,
कधी फोनचा उजेड कमी, कधी जास्त,
दर वेळी समुद्र वेगळा.

तिसऱ्या खोलीत एक बाई उतरली होती, इरीनी.
साठीची, खांदे मात्र हमालाचे.
समुद्राकडे पाठ करून ती खुर्चीत बसली
आणि तासभर आमचं काम बघत राहिली.
मग अशी हसली की चहा मांडीवर सांडला.

हे तिचंच गाव होतं.
म्हणजे तसलंच, भर समुद्रातलं.
उन्हाळाभर ती तिथे चादरी धुते,
नऊ खोल्या, अठरा उशा,
परक्यांच्या टॉवेलांतली वाळू झाडते.
हिवाळ्यात बेट बंद. वारा, मांजरं आणि म्हातारे.
तेव्हा पैसे मोजून ती इथे येते,
दुसऱ्या कुणी घातलेल्या चादरीवर झोपायला.

मौनेशचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं.
मधे उभा राहून तो वाक्यं इकडची तिकडे देत होता,
विटा द्याव्यात तशी.

"आमचं दार हिरवं होतं. होडीचा उरलेला रंग.
मग पाहुणे येऊ लागले, त्यांना फोटोत निळं हवं.
आईने एका रात्रीत निळं केलं.
पहाटे मासे घेऊन आलेले बाबा
आमच्या दारावरून पुढे निघून गेले."

ब्रश डब्यातून काढून मी नुसताच निथळत धरला.

तिने विचारलं, तू पोहतोस?
मी म्हटलं, सीझनला कुठला वेळ.
तीही नाही. जून ते सप्टेंबर घोटासुद्धा भिजत नाही म्हणे.
मग ओहोटीकडे बोट करून,
"पाणी कुठे गेलं?"
तिच्याकडे समुद्र फारसा हलत नाही.
पायरीशी असतो, तो पायरीशीच राहतो.
त्या रात्री मला याचीच झोप लागली नाही.

नाताळात लोक आले.
भिंतीला टेकून उभे राहिले, हनुवटी वर करून.
आणि माड कापले,
अंगठ्याने, फोटोतून.

मेअखेर शॅकचे बांबू उतरवून, मोजून रचले.
भिंत राहिली.
जुलैत ताडपत्री बघायला गेलो, तर
पायरीपासून कमरेपर्यंत शेवाळ चढलेलं,
होडीच्या रंगाचं.
मौनेश म्हणाला, फोटो काढून तिला पाठवू.
नंबर कुणाकडेच नव्हता.

मी ते खरवडलेलं नाही.
आग्नेलचा अजून फोन नाही,
यंदा कुठलं गाव रंगवायचं त्याचा.