बेदाण्याच्या शेडमधले अकरा रविवार

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, सांजच्याला,
सावळजच्या अंगानं काळं चढत आलं
आणि वीस मिनिटांत निघूनही गेलं.
कुण्या मडमेनं लावलेली नीलगिरी
आमच्या देवळाच्या पाठीवर आडवी पडली होती.
पाटीवर चर्च आहे, तोंडात देऊळच.
आत बाकांवर गारा,
व्यासपीठावर गारा,
उघड्या राहिलेल्या शास्त्रात
यिर्मयाची पानं भाकरीसारखी फुगलेली.

मी खजिनदार. वही माझ्याकडे.
पहिली नोंद : नीलगिरी तोडणे, मजुरी चार हजार.
दुसरी : लाकूड विकून जमा, साडेपाच.
शलमोन लोंढे म्हणाले, बघा, देव नफ्यात आहे.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

हिंदुराव झांबऱ्यांचा माल कोल्ड स्टोरेजला गेलेला,
शेड मोकळी.
बसा की, म्हणाले, जाळी फाटलीय तेवढी सांभाळा.
गंधकाचा वास, चिकट जमीन,
मुंग्यांची एक रांग पाळकांच्या चपलेपासून
थेट दानपेटीपर्यंत.
उपदेश चालू असताना पोरं
जाळीच्या गाठींत अडकलेले बेदाणे वेचायची.
प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री
रिबकाकाकूंनी तेच धुऊन भिजत घातले,
सकाळी फडक्यातून पिळले.
घोट गोड होता.
शेवटाला जरा गंधक.

भांडण झालं ते छपरावरून.
तरुण म्हणाले पत्रा, निळा, दहा वर्षांची गॅरंटी.
शलमोन म्हणाले कौलं.
पत्र्याखाली पाऊसच बोलतो, पाळकाचं कोण ऐकणार.
दुसऱ्या बैठकीतून शुलमीत रडत उठून गेली,
तिचं लग्न जूनमध्ये होतं,
आणि आम्ही पन्हाळीच्या मापावर अडलो होतो.
ती शेवटी शेडमध्येच उभी राहिली,
पांढऱ्या साडीच्या निऱ्यांना मुंग्या.

कौलं मिळाली मणेराजुरीत, पाडलेल्या शाळेची.
एकवीसशे. रस्त्यात फुटली तीनशे चाळीस.
टेम्पोवाल्याशी वाद, तो वहीत नाही.

तुळयांचं मात्र कुणाला कळेना.
इंजिनिअर आला, मोबाइलवर फोटो काढले, गेला.
भिजलेली पेटी दुरुस्तीला मिरजेला नेली
तेव्हा सगळं ऐकून बशीरचाचा स्वतःच एसटीनं आले.
जन्म सतारींचे भोपळे ठोकण्यात गेलेला.
शिडी चढले. बोटाच्या पेरानं ठोकलं.
कान लावला. पुन्हा ठोकलं.
आम्ही खाली, माना वर, श्वास धरून,
प्रार्थनेत कधी धरला नसेल इतका.
ही बोलते.
ही बोलते. ही पण.
पाचवीवर थांबले.
ही गेली. वादळानं नाही, वाळवीनं.
फार दिवस झाले.
तुम्ही हिच्या खाली बसत होता.

शलमोन लोंढ्यांचा बाक तिथंच, पाचवीखाली,
चाळीस वर्षं.
ते काही बोलले नाहीत.

मजुरी घेतली नाही चाचांनी.
गेलेल्या तुळईचं एक टोक, हातभर, अजून शाबूत होतं,
तेवढं मागितलं.
मुरलेला साग आहे, खुंट्या होतील.
पिशवीत घातलं, चारची गाडी पकडली.

जुलैत कौलं चढली.
पहिल्या उपासनेला शलमोन आले, बाक तोच,
बसण्याआधी वर बघितलं.
नवी तुळई, पांढरट, रंध्याचा वास अजून अंगावर.
पेटीनं सूर धरेपर्यंत ते बघतच होते.
मग झड आली.
चौथ्या बाकाशी एक थेंब. थांबून दुसरा.
रिबकाकाकूंनी पायानंच वाटी सरकवली,
स्तोत्र सोडलं नाही.

वहीत शिल्लक उणे अकरा हजार.
बशीरचाचांच्या ओळीत तारीख आहे,
तपशील आहे : साग, हातभर.
जमेत की खर्चात, दोन्ही रकाने कोरे.
खजिनदारानं असं करू नये,
मला माहीत आहे.