सोबत

केलोयार्वीच्या शाळेपासून घर साडेतीन किलोमीटर.
नोव्हेंबरात दोन वाजता दिवस मिटायचा
आणि ताइस्तो माझ्या बाहीचं टोक धरायचा.
तो अकराचा, मी नवाची.
"दिसत नाही असं नाही," म्हणायचा,
"आज अंधारच जरा जास्त आहे."

आमच्याकडे कुणाला याचं नवल नव्हतं.
ऊनोमामा रेनडिअरच्या कुंपणावर आदळायचा
आणि कुंपणालाच शिव्या द्यायचा.
बायकांना दिसायचं. पुरुषांचं मावळत जायचं,
तळं गोठतं तसं:
आधी कडा,
मग मधोमध एवढंसं काळं पाणी उघडं,
मग तेही नाही.
गावानं त्याला नाव दिलं नव्हतं.
तिन्हीसांजेला पोरी भावांना आणायला निघायच्या, इतकंच.

आता मी ओउलूच्या प्रयोगशाळेत पिपेट धरते.
रॅब नावाचं एक चिमुकलं प्रथिन आहे,
पेशीतला माल इथून तिथे पोचता करणारं.
तीन फॉस्फेटांचं जीटीपी हाती आलं
की ते जागं,
त्यातला एक गळून पडला
की त्याचा डोळा लागतो.
दिवसभर हेच. जाग, झोप, जाग.
त्याचा चुलतभाऊ रास,
त्याची झोप उडाली की कर्करोग होतो;
तो पलीकडच्या इमारतीत,
तिथे पैसा आहे, नवी यंत्रं आहेत,
कॉफीसुद्धा बरी असते.

आमच्या रॅबला झोपही येते, जागही.
खोट तिथे नाहीच.
खोट वाटेत आहे.
कामावर रुजू व्हायचं तर
आधी शेपटीला चरबी लावून घ्यावी लागते,
नाहीतर पेशीच्या पडद्यांवर पाय ठरत नाही.
आणि ती लावायच्या जागेपर्यंत
रॅबला एकट्यानं जाता येत नाही.
दुसरं एक प्रथिन त्याला धरून नेतं, थांबतं,
काम झालं की पुढे पोचवून येतं.
आमच्या भाषेत त्याचं नाव सोबती.
ताइस्तोच्या पेशींत ते बनतच नाही.
बाकीच्या अंगात त्याची एक बहीण आहे,
ती भागवून नेते.
डोळ्यात भागत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जेवणाची सुट्टी होती.
मला हसू आलं.
मग हात धुवायला गेले
आणि बराच वेळ नळ तसाच सोडून दिला.

त्याच्या रक्ताचा नमुना मीच चालवला.
पडद्यांचा भाग जवळजवळ कोरा.
पाण्याच्या भागात रॅब, काळा, ठसठशीत,
वाट बघत उभं असल्यासारखं.
वहीत लिहिलं: नमुना सतरा, सोबती नाही.
खाली तारीख, सही.
अक्षर नेहमीसारखंच आलं.

माझ्याही काही पेशींत तो नाही.
डॉक्टर हार्युनेननी माझ्या डोळ्याचं चित्र दाखवलं:
ठिपके, ठिपके,
एप्रिलमध्ये बर्फातून जमीन वर येते तसे.
"तुम्हाला पुरेल," त्या म्हणाल्या.
मला पुरतं.
इल्मो चार वर्षांचा आहे.
त्याची तपासणी अजून केलेली नाही.
नवरा म्हणतो, करून टाकू.
मी म्हणते, या महिन्यात यंत्र मोकळं नाही.
यंत्राच्या वेळा मीच लावते.

नाताळात आम्ही केलोयार्वीला जातो.
ताइस्तो एकेचाळीसचा.
अंगणातून सौनापर्यंत त्यानं दोर बांधलाय,
पण इल्मो आला की दोराला हात लावत नाही.
"औषधाचं काय झालं?" विचारतो,
जसं कुणी रस्त्याच्या कामाबद्दल विचारावं.
"चाचण्या चालू आहेत."
"हं. चालू द्या."

मग दोघं निघतात.
इल्मोनं मामाच्या हातमोज्याचं एक बोट धरलेलं,
मोठ्यानं पावलं मोजत, सातानंतर थेट दहा.
मी पायरीवरचा दिवा लावत नाही.
बटणावर बोट ठेवून
बघत राहते,
आधी कोण अडखळतं.