पाण्यावरची रेघ

पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हाच मोजायचं.
ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते
आणि पलीकडचा खांब
खोटं बोलू लागतो.

गंगापूर धरणाच्या या काठाला मी,
ट्रायपॉडचे पाय मुरमात रुतवून
पितळी टिकलीवर ओळंबा आणत.
सावरगावच्या अंगाला भिवा कडाळे,
हातात प्रिझम, खिशात तंबाखू,
वॉकीटॉकीवर फक्त "हां."

अठराशे बारा मीटर, चारशे सहा मिलिमीटर.
गेल्या वर्षी चारशे चार.
त्याच्या आदल्या वर्षीही चारशे चार.

गायधनी बाई विचारतील, तापमान किती धरलंस?
हवेचा दाब?
पुन्हा घे.
पुन्हा घेते. बारा वेळा घेते.
ते दोन मिलिमीटर जागचे हलत नाहीत,
आणि जे हलत नाही
त्यालाच आम्ही हालचाल म्हणतो.

"कडाळे, खांबाला काही झालंय का?"
बराच वेळ नुसती खरखर.
मग: "म्हशी आंग घासत्यात हितं.
पर त्या रोजच घासत्यात, बाई."
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिते: म्हशी.
खोडत नाही.

खाली काळा दगड, थरावर थर,
इतका जुना की 'पक्कं' हा शब्द
आपण त्याच्यावरूनच शिकलो असणार.
तो सरकला असेल,
नखाच्या जाडीइतका तरी,
कुणालाही न विचारता.
किंवा म्हैस.

आठला कडाळे धरणाला वळसा घालून येतो,
थर्मासच्या झाकणातून चहा पितो.
"तुमची ती रेघ हाय ना,
आमच्या खळ्यावरून जाती."
बोट पाण्याच्या मधोमध.
"मे महिन्यात पाणी लई खाली गेलं
तर तिवड्याचा खड्डा दिसतो.
त्यो किती सरकला, निघंल का तुमच्या यंत्रात?"

मी म्हणते, आधीचं माप लागतं.
आधीचं नसेल तर
सरकणं निघत नाही.

"आधीचं हाय की.
बाप सांगायचा, खळ्यापासून घर
एका हाकेवर."

झाकण झटकून
त्यानं ट्रायपॉड खांद्यावर घेतला.
आकडे चारच्या आत पाठवायचेत.
पाणी आता इतकं चकाकतंय
की पलीकडचा खांब
आहे की नाही, शपथेवर सांगता येणार नाही.