कोड नंबर

फोंड्याला तिस्कावर, बेकरीच्या माथ्यावर आमचं ऑफिस.
खाली भट्टी पेटली की वरची फरशी तापते.
मे महिन्यात माणसं जिन्यातच थांबतात
आणि नोकरीही जिन्यातूनच मागतात.

आधार, पासबुक, दोन फोटो.
नाव? आधारवर आहे तसं.
पण आधारवर चूक आहे, बाब.
मग चुकीचंच लिहायचं.
चूक सगळीकडे सारखी असली की पीएफ अडकत नाही.
अशी कितीतरी माणसं मी चुकीच्या नावानं बरोबर केली.

चवथ जवळ आली की कुंडईच्या पठारावरून फोन:
"केंकरेबाब, आमचे गोंयकार चालले माटोळी बांधायला,
सोमवारपासून वीस हात पाठवा."
हात म्हणतात. मीही म्हणतो.
बिलात मात्र मनुष्यबळ, अधिक सेवाशुल्क आठ टक्के.

सुमित्रा केरकेट्टा अशाच एका सोमवारी आली,
गुमल्याहून, मावसबहिणीच्या मागोमाग.
खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना लेबलं, पहिली पाळी.
तिचा अंगठा मशीनला कळेना.
स्पिरिटनं पुसून पुसून रेषाच उरल्या नव्हत्या.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणे मशीन.
ती ओढणीला अंगठा पुसून पुन्हा प्रयत्न करी,
मागे सगळी पाळी खोळंबलेली.
शेवटी मी तिच्यापुरती वही घातली.
वहीत ती पूर्ण नाव लिही, सावकाश,
आडनावातले दोन ट एकाखाली एक नीट बसवून.

अकरा महिने भरत आले की मी यादी काढतो.
सात दिवस ब्रेक. मग नवा कोड, नवी रुजू तारीख.
'सलग' हा शब्द कुणाच्या नावापुढे येऊ नये,
पगार मला मुख्यतः त्याचाच मिळतो.

तिला सांगितलं.
ती तिच्या हिंदीत म्हणाली, मग सात दिवस मी कुठल्या वहीत?
कुठल्याच नाही. आराम कर.
खोलीचं भाडंही ब्रेकवर जातं का?
हसत होती की नाही, मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी कुलासोसाहेबांचा फोन,
लेबलं तिरकी जातायत, माल परत आलाय,
ती मुलगी कुठे आहे?
ब्रेकवर.
मग बिननावाची पाठवा.

बिननावाची ती चार दिवस गेली.
व्हाउचरवर मी लिहिलं: किरकोळ खर्च.
चौथ्या दिवशी हातात बाटली फुटली,
उजव्या तळव्याला सात टाके.
ईएसआय नाही, कारण ती तिथे नव्हतीच.
टाक्यांचे पैसे कुलासोसाहेबांनी खिशातून दिले,
वाईट माणूस नाही तो,
पावती तेवढी मागितली नाही.

संध्याकाळी वही उघडली तर चारही दिवस
तिची सही.
कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं केली असणार,
किंवा सवयीनं नसेलही.
चारही ओळींत ट खाली ट.

मालक म्हणाले, पान फाडा.
फाडलं.
खालून पावांचा वास येत होता, दिवेलागण झाली होती,
पान घडी घालून मी ड्रॉवरमध्ये ठेवलं,
माझ्या जेवणाच्या डब्याच्या फडक्याखाली.
जाळा असं ते म्हणाले नव्हते.

ती पुन्हा रुजू झाली. कोड चार हजार एकशे सतरा.
पट्टी होती म्हणून डाव्या हातानं सही केली,
दोन ट शेजारी शेजारी, एकमेकांना अनोळखी.
आता नमुना सही हीच धरायची.
म्हणजे कधीतरी, गुमल्याला परतताना,
सही जुळत नाही म्हणून तिचा पीएफ अडकेल,
खिडकीमागचा कुणीतरी माझ्यासारखा मान न उचलता सांगेल,
जुन्या सहीचा कागद आणा.

माझ्याकडे आहे.