आवाज बसलेली गिटार

फोनवर सून बोलली, कांचन.
फोटोवर जाऊ नका म्हणाली, जरा विचित्रच आहे.

विचित्र म्हणजे पिस्ता कुल्फीचा रंग,
अंग एका बाजूला कललेलं, उन्हात राहिलेल्या पपईसारखं,
आणि तारांखाली ओळीने पाच खटके,
जुन्या मीटरपेटीवर असायचे तसे.
त्यातले दोन कशाचेच नाहीत.
"पहिल्यापासून," छुगानी काका म्हणाले,
"जपानवाल्यांनाच ठाऊक."
नावाची पट्टी केव्हाच पडलेली,
डोक्यावर दोन स्क्रूंची भोकं.

कोपरी, सिंधी कॉलनी, दुसरा मजला,
गॅलरीत पापड.
मुलं येतात, काका सांगत होते,
अ‍ॅम्पचा कान पिळतात, ही किंचाळते, मुलं जातात.
आतून पोकळ आहे ना.
मला किंचाळायचं नव्हतं.
मला नुसता स्वच्छ आवाज हवा होता,
महिनाअखेरच्या पाकिटात बसेल एवढा.

नेक डोळ्यापाशी धरून पाहिली.
किंचित पुढे झुकलेली, वाचत बसलेल्या माणसाइतकी.
बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवलं,
व्हॉल्यूम फिरवला तर वाळू वाजली. ती धुता येते.
मग अ‍ॅम्पवरचं सगळं काढून टाकलं
आणि एक साधा कॉर्ड सोडला.

घंगाळाच्या काठाला नख लागावं तसा तो आला,
आणि पाठोपाठ माझ्या अनामिकेची चूकही आली,
लख्ख, नावासकट.

"बसलाय ना आवाज?" काका म्हणाले.
"पूर्वी वरच्या तारा बोलायच्या.
दोन वर्षं झाली, कापसात गुंडाळल्यासारखी वाजते.
तारा दोनदा बदलल्या. दुकानवाला म्हणतो, पिकअप मेले.
पंधरा सांगत होतो. तुम्ही साडेसहा द्या."

हे सांगताना डावा कान माझ्याकडे,
डोळे माझ्या ओठांवर.
मागे भिंतीवर फोटो: ऑर्केस्ट्रा, पांढरे बूट,
आणि ड्रमवाल्याची झांज
त्यांच्या उजव्या कानापासून वीतभर.

मी सोळा वर्षं नौपाड्यात
गालिचा मारलेल्या खोक्यात लोकांना बसवते.
ऐकू आलं की बटण दाबा.
कागदावरची रेघ उजवीकडे कशी घसरत जाते
ते मला पाठ आहे.
पाकिटात साडेसात होते.
काही बोलले नसते
तर रिक्षालाही पैसे उरत होते.

पाच-सहा मिनिटं मी काहीच बोलले नाही.
तेवढा वेळ खटके खालीवर करत बसले.

मग म्हटलं, काका, डोळे मिटा.
ऐकू आलं की बोट वर करा.
ही काही तपासणी नव्हे, मला माहीत होतं,
आवाज कमी ठेवला आणि जाड तारेपासून निघाले.
बोट वर. बोट वर. बोट जरा उशिरा.
पहिल्या तारेवर नखाने हलकेच,
बोट गुडघ्यावरच.
पुन्हा. गुडघ्यावरच.

स्वयंपाकघराच्या दारात कांचन उभी होती,
हाताला पीठ.
तिचं बोट वर होतं.

काकांनी डोळे उघडले ते नेमके तिच्याकडे.
बराच वेळ कोणी काही बोललं नाही,
अ‍ॅम्प गुणगुणत राहिला.
मग ते गिटारच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले,
"म्हणजे ही बरी आहे."
आणि थोड्या वेळाने, "मग पंधराच."
हसले. मी हसले नाही, माझ्याकडे साडेसातच होते.
"राहू दे. उरलेले
मशीन लावून मला ती ऐकू आली की."

सोमवारची अकराची वेळ दिली.
पिशवीची चेन तुटलेली, कांचनने सुतळी बांधली.
खालच्या जिन्यात गिटार कठड्याला लागली,
बारीक वाजली.
मी वर पाहिलं.
काका गॅलरीत पाठमोरे, पापड उलटत होते.