दोन बैठका

चाक ढकलत मी देवपुरात शिरले तेव्हा साडेदहा वाजले होते
आणि उन्हानं सावल्या भिंतींखाली दुमडून ठेवल्या होत्या.
दांड्यावर आकड्यांची डबी. चाक फिरलं की टक्, एक मीटर.
मागे पोरं. एकाला वाटलं, घरं पाडायला आलेय.
नाही रे, म्हटलं, तुमच्यापासून गिरणी किती लांब, ते बघतेय.
"ते आमले मालूम शे ना,"
म्हणाला, आणि पळाला.

फॉर्म पिवळा. एका घराला बावीस रकाने.
किराणा, औषधं, शाळा, रेशन, बसथांबा, बाग.
बागेपुढे सकाळपासून फुली मारतेय,
आता हात आपोआप मारतो.
एका फॉर्मचे अठरा रुपये. चहा आपला आपण.

सुपडाबाई शिंपी.
वय? "लिख काहीबी."
गिरणीचं मी नकाशात बघून आधीच भरलं होतं:
एकशे ऐंशी मीटर, तीन मिनिटं, पैकीच्या पैकी गुण.
ती हसली.
त्या गिरणीत नुसता गहू दळतात.
कळण्याचं दळण नेलं तर म्हणतो,
उडदानं पुढच्याचं पीठ काळं पडतं, दुसरीकडे जा.
दुसरीकडे म्हणजे नदीपल्याड, पाच कंदिलाच्या अलीकडे;
तिथला माणूस गुरुवारी दुपारी
ज्वारी-उडदासाठी दगड मोकळा ठेवतो.
आज गुरुवारच होता.
तिनं चुंबळीवर डबा घेतला, मी चाक.

पांझरेत पाणी नव्हतं, म्हणून पायवाट होती.
पुलावरून दुप्पट पडतं.
फॉर्ममधली नदी बारा महिने एकसारखी वाहते.
वाळूत चाक रुतलं, टक् थांबलं,
ते शंभर-सव्वाशे मीटर कुठेच नोंदले गेले नाहीत.
ती पुढे निघून गेली होती, मान न हलवता.

बंद दूध डेअरीच्या ओट्यावर ती बसली.
मी उभी, चाकाला टेकून, घड्याळ बघत.
"तुन्हा चाकले गुडघा शेतस का?"
नाहीत, म्हटलं.
"मंग त्याले काय इचारतस?"

मग अन्वरभाईच्या सायकल दुकानापुढचं फळकूट.
तिथे पुन्हा बसली. तिथून गिरणीचा पट्टा ऐकू येतो.
तिच्या हिशेबात गिरणी दोन बैठकांवर आहे.
येताना तीन.
पीठ दाण्याहून जड नसतं, पण मधल्या वेळात ऊन चढलेलं असतं
आणि डेअरीच्या ओट्यावरची सावली गेलेली असते.
अन्वरभाईचा मुलगा पुढच्या महिन्यात शटर बसवतोय.
फळकूट जाईल,
आणि गिरणी लांब जाईल, जागची न हलता.
हे तिनं मला सांगितलं नाही.
पट्ट्याच्या आवाजात मीच मनात मांडत होते.

संध्याकाळी ऑफिसात साळुंखे सर फॉर्म चढवत होते.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं: दोन बैठका.
मशीन अक्षरं घेत नाही.
"दोन काय, मॅडम? मिनिटं?"
पंखा फिरत होता, पाठीमागे अजून चाळीस फॉर्म होते,
माझी धुळ्याहून सोनगीरची शेवटची गाडी होती.
हो, म्हटलं.

आता भिंतीवर नकाशा लागलाय.
अख्ख्या देवपुरात सुपडाबाईचं घर सगळ्यात गडद हिरवं.
परवा एक साहेब त्यावर बोट ठेवून म्हणाले,
असं सगळीकडे करता आलं पाहिजे.

पुढच्या गुरुवारी मी चाकाशिवाय गेले.
काही दुरुस्त करायला नाही, नुसतीच.
फळकूट होतं अजून.
अन्वरभाई म्हणाला, आत्ताच उठली, जरा आधी यायचं.
लाकडावर डब्याच्या बुडाचं गोल उमटलं होतं,
काळपट पिठाचं.
त्याच्या शेजारी जागा होती
तेवढ्यात बसले.